अंगठ्याखालचा दोर

स्मरणिकेसाठी पायलटबद्दल चार पानं लिहून द्या, असं आमच्या निवृत्त कामगार मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझं आजवरचं लिखाण म्हणजे रजेचे अर्ज. पण सगळ्यांचं एकच पालुपद, ‘तुझ्याइतकं त्याला कोण ओळखत होतं?’ आणि तिथेच माझी पंचाईत झाली. एकतीस वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं हे खरं, पण ती सगळी वर्षं मी त्याला खालून पाहिलं. त्याच्या बुटांचे तळवे मला पाठ होते. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजायची. चेहऱ्याचं म्हणाल तर टोपीखालची सावली, एवढंच मला सांगता आलं असतं.

ज्यांनी आमची शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रूळ, रुळांवर क्रेन आणि क्रेनला टांगलेली पत्र्याची केबिन. चार मजले उंच. तो त्या केबिनमध्ये बसायचा, म्हणून पायलट. मी खाली जमिनीवर उभा राहून त्याला हाताने इशारे करायचो. आवाज इतका असायचा की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली केलं की उतरव. एक तळहात छातीपुढे स्थिर धरला की हळू. अशा हळू हळूवर आम्ही दोघांनी काय काय उचललं आणि ठेवलं, त्याचा हिशोब नाही. तो मला ‘खालचा’ म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत भेटला की, ‘काय खालच्या, मान दुखते का?’ मी म्हणायचो, ‘तुझी वाकून दुखते, माझी वर बघून. फिटंफाट.’ एवढंच आमचं बोलणं. बाकी सगळं हातांनी.

आमच्यात एक नियम होता, तो नीट सांगायला हवा. क्रेन एकाच माणसाचं ऐकते, म्हणजे माझं. पण दोन्ही हात आडवे पसरून जो ‘थांब’ देतात, तो कोणीही द्यावा. साहेबाने द्यावा, झाडूवाल्याने द्यावा. वरच्याने ‘का’ विचारायचं नाही. आधी हात काढायचे. क्रेन चालवायच्या दांड्यांना स्प्रिंग असते, हात काढला की त्या आपोआप मध्ये येतात आणि माल असेल तिथे लटकून राहतो. मग वरच्याने खिडकीतून आपले दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे, म्हणजे खाली कळतं की क्रेनवर आता कोणाचा हात नाही. आधी थांबायचं, मग विचारायचं. पायलटचे ते दोन तळवे मी कितीदा पाहिले असतील. इशारा पुरा व्हायच्या आत ते खिडकीत यायचे.

एकदा मी तो इशारा दिला नाही.

पत्र्यांची चळत वर चालली होती. एका कोपऱ्यात साखळी सरकताना मला दिसली. हात वर जायला हवे होते, ते गेले नाहीत. भीती म्हणा, गोंधळ म्हणा, आजही मला नीट सांगता येत नाही. दोन सेकंद. चळत तिरकी झाली, एक पत्रा सुटला आणि खाली उभ्या असलेल्या फिटरची दोन बोटं गेली, पायाची. चौकशी बसली. साहेबाने पायलटला विचारलं, ‘इशारा होता का?’ तो म्हणाला, ‘होता साहेब. मला उशिरा दिसला.’ मी शेजारच्या खुर्चीत होतो. मी मूग गिळून बसलो. त्याला सहा महिने क्रेनवरून उतरवलं. तेवढे दिवस तो खाली पिंपातलं ग्रीस भरायचा आणि मी वर कोणा नवख्याला इशारे करायचो. तो जवळून गेला की मी साखळ्या मोजायला लागायचो. त्याने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मी काढायला हवा होता.

निवृत्तीनंतर योगायोग असा की आम्हाला एकाच इमारतीत घरं मिळाली. मी तळमजल्यावर, तो तिसऱ्या. ‘इथेही तू खालीच,’ तो म्हणाला. त्याची बायको आधीच गेली होती. मुलगी लांबच्या शहरात, महिन्यातून एकदा यायची. आम्ही जिन्यात भेटायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि आपापल्या दारात शिरायचो.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. हळूहळू पाय परत आला, जीभही बरीचशी आली, पण शब्द ओले कपडे एकमेकांना चिकटावेत तसे यायचे. समोर बसून ऐकलं तर कळायचे, फोनवर नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी काम करायची, मधली बोटं उशिरा यायची. ‘माझी तीन बोटं निवृत्त झाली,’ तो म्हणायचा.

त्याची मुलगी मला काका म्हणते. ती एकदा खाली आली आणि म्हणाली, ‘काका, तुमच्याकडे एक किल्ली ठेवा. आणि मधूनमधून वर जात जा.’ दारात थांबून ती पुढे म्हणाली, ‘माझी पोर आजोबांशी फोनवर बोलत नाही हो. त्यांचं कळत नाही तिला, आणि सारखं काय काय विचारायची लाज वाटते. नुसती हो हो म्हणते आणि ठेवते.’

ही नात बारा-तेरा वर्षांची. झाडावर, खिडकीच्या गजांवर, जिथे तिथे चढायची म्हणून पायलट तिला खार म्हणायचा. तिला कॉम्प्युटरवर खेळायचा नाद. एके दिवशी पायलटकडे मुलीने जुना कॉम्प्युटर पाठवला आणि पाठोपाठ एक खोका आला. खोक्यात माऊस. पण असा माऊस मी तरी पाहिला नव्हता. त्याच्या कुशीला लागणाऱ्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या, एकीवर दोन बटणं, दुसरीवर सहा, तिसरीवर बारा. पट्टी चुंबकाने बसायची आणि निघायची. पोटात एक कप्पा आणि सोबत एका डबीत पाच छोटी वजनं, कप्प्यात हवी तेवढी भरायला. शिवाय कुठल्या बटणाने काय करायचं तेही आपणच ठरवायचं.

‘बारा बटणं?’ पायलट म्हणाला. ‘हा माऊस आहे का बाजाची पेटी?’

आमची ही जिन्यातून खोका पाहून आली होती. ती म्हणाली, ‘दोन म्हातारे आणि एक उंदीर. त्याच्याने काय होणार आहे?’

झालं ते असं की पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी वर जाऊ लागलो. त्याला पडद्यावरची बारीक अक्षरं दिसायची नाहीत. मी भिंग घेऊन वाचायचो. पडद्यावर माऊसचं चित्र यायचं, प्रत्येक बटणापासून एक रेघ निघायची आणि रेघेच्या टोकाला त्या बटणाचं काम लिहिलेलं. ते बदलता यायचं. पहिल्या बोटाने दाबायचं ते आम्ही अंगठ्याकडे आणलं. मधल्या बोटाचं करंगळीकडे दिलं. सहा बटणांची पट्टी लावली. एक बदल केला की चाचणी, मग दुसरा. नव्या साखळीला माल लावून आधी वीतभर उचलून बघतात, तसं. तो सगळं एका वहीत लिहून ठेवायचा, डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात. तारीख, बटण, काम, शेरा. शेरा बहुतेक एकच, ‘अंगठ्याला लांब’.

मी म्हटलं, ‘डाव्या हाताने का नाही खेळत? सगळं सोपं होईल.’

‘डाव्या हाताने क्रेन चालवायची, उजव्याने हुक,’ तो म्हणाला. ‘हुक मी कधी डाव्याला दिला नाही.’

वजनं त्याने पाचही भरली. मी म्हटलं, ‘अरे, दुखऱ्या मनगटाला हे नाकापेक्षा मोती जड.’ त्याने माऊस सरकवून बघितला आणि मान हलवली. ‘हलकं हत्यार हाताला फसवतं. कुठपर्यंत नेलं ते कळत नाही.’ चाकामागे एक बारीक बटण होतं. ते दाबलं की पडद्यावरचा बाण संथ चालायचा, परत दाबलं की पळायचा. ते सापडलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघून डावा तळहात छातीपुढे धरला. आमचा ‘हळू’. माऊसला दिवाही होता, हवा तो रंग ठेवता येणारा. त्याने पिवळा ठेवला, क्रेन चालू असताना केबिनखाली लागायचा तसा.

खेळ खारीने निवडला होता. एक डोंगर. दोन माणसं एका दोराला बांधलेली. वरची चढायची, खालचा दोर धरून तिला सोडत राहायचा. तिला पक्की जागा मिळाली की ती खुंटी ठोकायची आणि मग खालचा वर यायचा. दोन खुंट्यांच्या मधल्या वेळात खालच्याने एक बटण दाबून ठेवायचं. ते सुटलं की दोर सुटला आणि दोघंही थेट पायथ्याला. मध्ये कुठे मुक्काम नाही. पहिल्या पायरीपासून परत सुरुवात. खार चढणार आणि आजोबा धरणार, असं ठरलं.

दोर धरायचं बटण त्याने अंगठ्याच्या बरोबर खाली आणलं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा एक लहान तुकडा कापून चिकटवला, न बघता अंगठ्याला कळावं म्हणून. मला पडद्यावर एक सोय दिसली होती. बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहील, परत दाबेपर्यंत. मी उत्साहाने सांगितलं, ‘हे लावू या. अंगठा सुटला तरी दोर सुटणार नाही.’

‘नको.’

‘का नको? तुझा अंगठा थरथरतो.’

‘पोर दोराला लटकलीय,’ तो म्हणाला. ‘ती लटकलीय हे माझ्या हाताला कळायला नको?’

मला तेव्हा तो हट्ट वाटला. म्हाताऱ्याचे चोचले, असंही मी घरी येऊन म्हणालो असेन.

दर रविवारी सकाळी अकराला तो कानांवर हेडफोन चढवून बसायचा. ती तिकडून, तो इकडून. पहिले काही रविवार ते झाडीतच पडले. मग धबधब्यापर्यंत गेले. मग बर्फ लागला. मी दोन वाजता वर जायचो तेव्हा तो घामाने भिजलेला असायचा आणि खुशीत. बोलायची तर गरजच नव्हती. त्याने खारीला आमचे इशारे शिकवले होते, माऊसच्या टिचक्यांमध्ये. एक म्हणजे उचल, दोन म्हणजे हळू. त्या टिचक्यांनी तिच्या पडद्यावर त्याच्या माणसाचा कंदील लुकलुकायचा. आणि गंमत बघा, टिचक्यांनी सुरुवात झाली आणि हळूहळू तिला त्याचे शब्दही कळायला लागले. ‘काल म्हणाली, आजोबा, तुम्ही र खाता,’ तो मला सांगत होता. ‘मी म्हटलं, दात नाहीत, तेवढंच खाता येतं.’

असे चार महिने गेले असतील. एकदा मुलीचा फोन आला. खारीला लांबच्या एका शाळेत प्रवेश मिळाला होता, तिथेच राहायचं. कॉम्प्युटरवर खेळायला बंदी. पहिली सुट्टी सहा महिन्यांनी. मध्ये तीन रविवार होते.

शिखराच्या खाली एक शेवटचा कडा होता. खार आधीच पाहून आली होती, कोणाच्या तरी खेळात. तिथे खुंटी ठोकायला जागा नाही. सात मिनिटं सलग दोर धरावा लागतो. पायलटचा अंगठा चार मिनिटांवर थरथरायला लागायचा. मग त्याने मला घड्याळ घेऊन बसवलं. रोज सकाळी तो ते बटण दाबून बसायचा आणि मी मिनिटं मोजायचो. पाच. साडेपाच. एकदा सहा झाली तेव्हा त्याने अंगठा उचलून तोंडाने फुंकला, भाजल्यासारखा. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी सात मिनिटं वीस सेकंद झाली. मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, ‘उद्या दीड वाजता येऊन बस. तोवर कडा लागलेला असेल. मला घड्याळाकडे बघता येणार नाही, तू बघ.’

दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर गेला होता आणि मी तो बदलत बसलो. पावणेदोनच्या पुढे मी वर गेलो. किल्लीने दार उघडलं. हेडफोनमुळे त्याला ऐकू जाणार नव्हतंच.

मी त्याला बाजूने पाहिलं. तोंड एका अंगाला ओढलेलं, उघडं. चेहरा लालबुंद. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंड वाकडं झालं, हात थरथरला, तर एक क्षण दवडू नका. मी हाक मारली. हेडफोनच्या आत ती कशी जाणार? तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे जाऊन त्याच्या समोर उभा राहिलो आणि दोन्ही हात आडवे पसरले.

थांब.

त्याने मान वर केली. मला पाहिलं. आणि इशारा पुरा व्हायच्या आत त्याचे दोन्ही रिकामे तळवे माझ्यासमोर वर आले.

क्रेनमध्ये हात काढला की माल असेल तिथे थांबतो. हा खेळ तसा नव्हता. मी पडद्याच्या मागे उभा होतो, मला काही दिसलं नाही. त्याच्या चष्म्यात मात्र दिसलं, आधी पांढरं, मग हिरवं, मग काळं. बर्फ, झाडी, पायथा. हेडफोन त्याने मानेवर ओढला होता, त्यातून बारीक आवाज येत होता. ‘आजोबा? आजोबा, काय झालं? आजोबा, आहात ना?’

त्याने हेडफोन परत वर केला. शब्द जमवायला त्याला थोडा वेळ लागला. ‘आहे गं. अंगठा घसरला. माझाच.’

तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, ‘नाही रडत. तू पण नको रडू.’ मग म्हणाला, ‘आईला सांग, सामान बांधायला लागते. जा. सुट्टीत चढू.’ मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. शेवटी त्याने माऊसवर दोन टिचक्या दिल्या. हळू.

हेडफोन काढून त्याने मला विचारलं, ‘काय दिसलं तुला?’

नियमच आहे तो. आधी थांबायचं, मग विचारायचं.

‘मला वाटलं, परत झटका आला,’ मी म्हणालो. ‘तोंड वाकडं झालं होतं.’

‘हसत होतो रे,’ तो म्हणाला. ‘कड्यावर लटकून ती मला विचारते, आजोबा, खाली बघू का, तुमचं टक्कल दिसतं का ते?’

एकतीस वर्षं आणि वर निवृत्तीची नऊ. हा माणूस हसताना कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. झटक्यानंतर तर अजिबात नाही. दुसऱ्या कोणी त्याला तसं पाहिलं असतं तर दारातच थांबून तोही हसला असता.

‘किती झाली होती?’ मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. घड्याळ माझ्या हातात होतं.

‘घड्याळ तर तुझ्याकडे,’ तो म्हणाला. ‘पण वर कड्याची कड दिसत होती. कडेवर तिचा एक हात होता.’ मग माऊस त्याने टेबलाच्या मध्यावर नीट सरळ ठेवला. ‘इशारा दिलास, थांबलो. झालं. चहा टाक.’

मी चहा टाकला. साखर विसरलो. त्याने तो तसाच प्यायला.

वाटलं होतं, आता बोलू. आजचं आणि त्या पत्र्याचंही. जेव्हा द्यायचा तेव्हा इशारा दिला नाही आणि नको तेव्हा दिला, एवढं एक वाक्य होतं. कप विसळताना ते माझ्या तोंडाशी आलं. त्याच वेळी त्याने विचारलं, ‘नळ झाला का?’ मी म्हणालो, ‘झाला.’ मग ते वाक्य गेलं.

खार दुसऱ्या दिवशी शाळेला गेली. महिन्यातून एकदा तिचं पत्र यायचं, खरं पत्र, पाकिटातलं. तो ते मला वाचायला द्यायचा. खाली शेवटी दोन टिंबं काढलेली असायची. त्याचा रोजचा सराव सुरूच होता. एकटाच पायथ्याशी उभा राहून ते बटण दाबून बसायचा. ‘सुट्टीपर्यंत दहा मिनिटं करायचीत,’ म्हणायचा. मी घड्याळ घेऊन समोर बसायचो. नऊपर्यंत गेलो होतो आम्ही. पाचव्या महिन्यात एका सकाळी मी किल्लीने दार उघडलं आणि तो उठलेला नव्हता.

ही माहिती तुम्हा सगळ्यांना आहे. जी नाही ती सांगण्यासाठी मी हे लिहायला हो म्हणालो.

पंधरा-वीस दिवसांनी मुलगी घर आवरायला आली, बरोबर खार होती. खार उंच झाली आहे. तिने दुसरं काही मागितलं नाही, माऊस आणि ती वही एवढंच. तिथेच टेबलाशी उभं राहून तिने आपल्या लॅपटॉपला माऊस जोडला. पिवळा दिवा लागला. आजोबांनी बसवलेलं सगळं त्या माऊसच्याच पोटात जपलेलं होतं. तिने अंगठा रबराच्या तुकड्यावर ठेवला.

‘किती जड आहे!’ ती म्हणाली.

‘वजनं काढता येतात,’ मी म्हटलं.

‘नको.’

तिची आई आतल्या खोलीत कपाट लावत होती. खार माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुम्ही त्या दिवशी इथेच होता ना? आजोबांनी सांगितलं होतं, घड्याळ लावायला येणार म्हणून.’

‘होतो.’

‘त्यांचा अंगठा खरंच घसरला?’

माझे हात खिशात होते. तीस वर्षांपूर्वीची ती खुर्ची मला आठवली, साहेबाचा प्रश्न आठवला. आता तर प्रश्न सरळ मलाच होता.

‘हो,’ मी म्हणालो.

तिने मान हलवली. ‘मला वाटायचं, मी हसवलं म्हणून.’

मी तेव्हाही गप्प बसलो. बारा-तेरा वर्षांची पोर सहा महिने ते ओझं घेऊन हिंडत होती, ते काढून घ्यायला एक वाक्य पुरे होतं. तिने माऊस रुमालात गुंडाळला आणि दोघी गेल्या.

म्हणून हे. स्मरणिका तिच्या आईच्या पत्त्यावर जाणार आहे, मी मंडळात विचारून घेतलं आहे. पोरी, तुझ्या आजोबांचा अंगठा घसरला नाही. तू हसवलंस म्हणूनही काही झालं नाही. हसतानाही त्यांनी दोर धरलेलाच होता. मी समोर उभा राहून थांब म्हणालो, आणि ते थांबले, कारण तो माणूस इशारा मिळाल्यावर कधी थांबला नाही असं झालंच नाही. पत्र्याच्या वेळचा उशीर त्यांचा नव्हता. तोही माझाच होता. फिटर आता नाहीत, त्यांना सांगायचं राहून गेलं.

शेवटच्या दिवसाचं लिहा, असं मंडळाने सांगितलं होतं. त्यात विशेष काही नाही. आदल्या दिवशी मी वर गेलो तेव्हा बटणावरचा रबराचा तुकडा निघाला होता आणि तो नवा कापून चिकटवत होता. त्याचा अंगठा एकाच जागी नीट टेकत नव्हता, म्हणून माऊस त्याने माझ्यापुढे सरकवला.

‘दाबून धर. मी सांगेपर्यंत उचलू नको.’

मी धरला. त्याने माझंच घड्याळ माझ्या मनगटावर फिरवून आपल्याकडे केलं आणि बघत बसला. बराच वेळ गेला. माझा अंगठा दुखायला लागला.

‘झालं का?’

‘थांब अजून.’

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. आम्ही दोघं ती ऐकत बसलो. शेवटी ती सुरू झाली.

‘हं, आता सोड,’ तो म्हणाला. ‘आणि जाताना दार ओढून घे.’

‘घेतो,’ मी म्हणालो.